मुद्दाम घातलेली चूक

आमच्या घरात टेबल एकच होतं आणि ते कापड कापायचं होतं. त्याच्यावर जेवण कधी झालं नाही. अभ्यास झाला, तोही अप्पांचं कापड पसरलेलं नसेल तेव्हा.

अप्पा शिंपी. तंजावुरात राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांत मराठी बोलणारी बरीच घरं आहेत, कुणी वकिलाचं, कुणी मास्तरांचं, कुणी कचेरीतल्या कारकुनाचं. त्यांच्या पोरांचे गणवेश आमच्याकडे यायचे. त्यांचे पूर्वज राजांबरोबर आले, असं ती माणसं बसल्याबसल्या सांगायची. अप्पा मशीन थांबवून म्हणायचे, "आमचेही आले. नाहीतर राजे काय नेसून आले असते?"

एक खोली, तिच्या पुढे मशीन, मागे चूल. मशीनचा पट्टा तुटला की त्या दिवशी चूल उशिरा पेटायची. सकाळी आदल्या दिवसाचा पाण्यात ठेवलेला भात, मीठ, एक लहान कांदा. आई काजं करायची, हूक लावायची. सुई टोचून टोचून तिच्या बोटांची टोकं इतकी खरखरीत झाली होती की रेशमी ब्लाऊज हातात घेतला की धागे ओढले जायचे. म्हणून रेशमाचं काम मी करायचे, सातवीपासून. शाळा उघडायच्या आधीचे दोन महिने हाताला उसंत नसे आणि त्यानंतर ऑगस्टपर्यंत कुणी दारात येत नसे. माझा स्वतःचा परकर दोन शाळांच्या उरलेल्या कापडाचा होता, पुढून एक निळा, मागून दुसरा निळा. बाई विचारायच्या, "तू नेमकी कुठल्या शाळेची गे?" वर्ग हसायचा. मीही हसायचे, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

आता अप्पांच्या टेपविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

तो मेणकापडाचा जुना टेप. रोज गळ्यात, रोज ओढाताण. लांबून लांबून छत्तीस इंचांना चांगला एक इंच जास्त झाला होता. पहिले दोन आकडे पुसले गेले होते. नवा टेप घेणं काही अवघड नव्हतं, पण अप्पा घेत नसत. त्यांच्या वहीत पंधरा-वीस वर्षांची मापं होती, सगळी त्याच टेपने घेतलेली. त्याच टेपने माप घ्यायचं, त्याच टेपने कापायचं. चूक दोन्हीकडे सारखी, म्हणून कपडा अंगाला बरोबर बसायचा.

एकदा अप्पा तापाने पडले होते, तेव्हा आईने एका नवरीचं माप शेजारणीच्या नव्या टेपने घेतलं. अप्पांनी उठल्यावर कापलं ते आपल्या टेपने. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीची आई ब्लाऊज घेऊन आली. म्हणाली, "यात माझी मुलगी आणि तिची धाकटी बहीण दोघी मावतात. दोघींची लग्नं करायची का?" अप्पांनी सगळं उसवलं, पुन्हा शिवलं. मशीनवर बसल्याबसल्या आईला एवढंच म्हणाले, "टेप खोटा असला तर चालतं गे. दोन टेप नकोत."

बोलताना आम्ही निम्मं तमिळ बोलतो, तेव्हा इथले संवाद मी जरा सरळ करून लिहिलेत. देवनागरीसुद्धा मी पंचविशीनंतर शिकले. आमच्या घरात दहावी ओलांडलेली मी पहिली, आणि पदवी घेतलेलीही पहिली. हे मी मोठ्याने सांगते. माझ्या आधी आमच्याकडे ते सांगायला कुणी नव्हतं.

मी भूगोल घेतला, मग पुढे एम.एस्सी. केलं. तोवर मोठ्या रस्त्यावर तयार कपड्यांची दुकानं झाली होती, काचेमागे हात पसरून उभ्या बाहुल्या. शाळांनीसुद्धा गणवेश बाहेरून घाऊक आणायला सुरुवात केली. अप्पा म्हणायचे, देश उघडला म्हणतात, आपलं दार तर लागलं. रागाने नाही म्हणायचे. हवापाण्याविषयी बोलावं तसं.

कॉलेजातल्या माझ्या प्राध्यापकांकडे एक सरकारी काम आलं आणि त्यात मला तात्पुरती जागा मिळाली. ओरत्तनाडूच्या बाजूला कालव्यांवर जुने मदगू आहेत. मदगू म्हणजे कालव्याच्या काठातून शेताकडे पाणी सोडायची, झडप बसवलेली दगडी मोरी. त्यातले कित्येक मोडले होते, काही गाळात बुडाले होते. दुरुस्तीची नवी योजना निघाली होती आणि काळ नवा होता, त्यामुळे यादी कंप्युटरवर हवी होती. प्रत्येक मदगूचं नाव, आणि त्यापुढे अक्षांश-रेखांश. ज्याच्यापुढे आकडे नाहीत तो मदगू यादीत नाही. जो यादीत नाही त्याची दुरुस्ती नाही. आमच्या वाट्याला अडतीस मदगू आले होते.

सरांनी टेबलावर चित्र पसरलं तो दिवस मला आठवतो. आपल्या देशाच्या उपग्रहाने वरून घेतलेलं आपलं खोरं. भाताची शेतं त्यात लाल दिसतात, पाणी काळं. कालवे म्हणजे काळे दोरे. मी बराच वेळ वाकून पाहत होते. सर म्हणाले, "काय शोधतेयस?"

"आमची गल्ली."

"एवढं बारीक नाही दिसत."

"नसेल. पण ती आहे ना यात?"

"आहे," सर म्हणाले. मला तेवढं पुरलं. माझा बाप ज्या ठिकाणी बसून काजाचा दोरा ओवतो त्याच्यावरून आपला उपग्रह जातो, ही गोष्ट मी घरी चार वेळा सांगितली. आईने विचारलं, "मग वरून दिसत असेल ना, छप्पर गळतंय ते?"

पण चित्राला पत्ता नसतो. ते जमिनीवर टाचावं लागतं, कापडावर कापड टाचतात तसं, आणि टाचायला जमिनीवरचे पक्के बिंदू लागतात. त्यासाठी एका दुसऱ्या संस्थेकडून एक डबा उसना आला. उपग्रहांकडून संदेश घेऊन आपण कुठे उभे आहोत ते सांगणारा डबा, परदेशी. आज तो प्रत्येकाच्या फोनमध्ये असतो. तेव्हा तो आणायला परवाना, वापरायला परवाना, आमच्याकडे पाठवायला वेगळं पत्र. मुदत सहा आठवडे. अप्पांनी त्याच्यासाठी खाकी कापडाची पिशवी शिवली, वर अँटिनाला झाकण, बाजूला वहीचा खिसा. डब्याचं माप घ्यायला ते कॉलेजात आले होते, गळ्यात टेप घालून. शिपायाने त्यांना फाटकावर अडवलं, तेव्हा मी जिन्यावरून ओरडून सांगितलं, "ते माझे वडील आहेत, आत सोडा."

पहिल्या दिवशी मी ओरत्तनाडूहून पुढे बसने, मग चालत, कालव्याच्या अगदी शेवटाला गेले. तिथे लस्कर होता. लस्कर म्हणजे कालव्यावर नेमलेला सरकारी माणूस, झडपा उघडणारा, लावणारा. हा साठीला टेकलेला, डोक्यावर टॉवेल, बोलणं तिखट. शेवटाला दोन मदगू एकमेकांपासून जेमतेम दीडशे पावलांवर होते. एक मेलेला, त्याच्यामागे शेतच उरलं नव्हतं, घरं झाली होती. दुसरा जिवंत पण मोडका, आणि लस्कराच्या गावाचं सगळं पाणी त्यातून जायचं. दोन पावसाळे ती झडप अर्धीच उचलली जात होती.

"अम्मा," तो म्हणाला, "आधी एकदा असेच मोजायला आले होते. मेलेल्याला नवी झडप बसवून गेले. छान बसवलीय. तिच्यावर आता बायका कपडे वाळत घालतात."

"या वेळी तसं होणार नाही," मी म्हणाले. "तुमचा यादीत घालते. नीट जागेवर." पदवी असलेल्या माणसाच्या आवाजात म्हणाले. तो शब्द मी उगाच दिला.

मी जिवंत मदगूच्या दगडावर डबा ठेवला. आकडे आले, लिहिले. दहा मिनिटांनी पुन्हा पाहिले तर आकडे वेगळे. हाताने काढलेल्या कच्च्या आराखड्यावर खूण करून पाहिली. मदगू पलीकडच्या केळीच्या बागेत गेला होता. आणखी थोड्या वेळाने तो मेलेल्या मदगूच्या जागी जाऊन उभा राहिला. दुपारपर्यंत तो शाळेच्या ओट्यावर होता.

लस्कर माझ्या खांद्यावरून पाहत होता. "फिरतोय का?"

"फिरतोय."

"माझ्या आजोबांपासून तो इथंच आहे. आज तुम्ही आलात म्हणून पाय फुटले असतील."

डबा बिघडला असं समजून मी तो सरांकडे नेला. सर म्हणाले, बिघडलेला नाही. ते उपग्रह आपले नाहीत, एका परक्या देशाच्या सैन्याचे आहेत. खरा आकडा तो देश स्वतःच्या सैनिकांना देतो. बाकीच्या जगासाठी त्यात मुद्दाम चूक मिसळतात. शंभरेक मीटरची, आणि ती सारखी बदलत राहते, म्हणजे कुणाला पकडता येऊ नये.

"मुद्दाम?"

"मुद्दाम. शत्रूने त्यांच्यावरच नेम धरू नये म्हणून."

"आणि आपला उपग्रह?"

"आपला चित्र काढतो. जागा सांगत नाही. जागा सांगणारे आपल्याकडे नाहीत."

मी त्या दिवशी फार चिडले होते, आणि कुणावर ते कळत नव्हतं. ज्या माणसाने ती चूक घातली त्याला ओरत्तनाडू ठाऊक असायचं कारण नाही. त्याने लस्कराचं पाणी ठरवून अडवलं नव्हतं. पण अडलं होतं.

घरी जेवताना सांगितलं. अप्पा ऐकत होते. घास खाली ठेवून म्हणाले, "चूक बदलते म्हणतेस. पण एकाच वेळी दोन डबे लावले तर दोन्हीला चूक तेवढीच येते का?"

"जवळजवळ तेवढीच."

"मग एक डबा माप ठाऊक असलेल्या ठिकाणी ठेव. तो किती खोटं बोलतो ते कळेल. तेवढं दुसऱ्यातून काढून टाक." बोटाने त्यांनी कापायच्या टेबलाची कड दाखवली. ती बरोबर चार फूट होती. कुणाचाही टेप आणला की अप्पा आधी त्या कडेला लावून पाहायचे.

मी सकाळी धावत सरांकडे गेले. सर म्हणाले, "बरोबर आहे. जगभर असंच करतात." म्हणजे अप्पांनी नवं काही शोधलं नव्हतं. तरी मला बरं वाटलं. मग सर म्हणाले, "दुसरा डबा कसाबसा आणू. पण ठाऊक बिंदू?"

ठाऊक बिंदू होता. मोजणी खात्याचा जुना कोरलेला दगड, एका इमारतीच्या गच्चीवर. मी त्यावर हातसुद्धा ठेवून आले. पण त्याचे आकडे जिल्ह्याच्या मोठ्या नकाशाबरोबर ठेवलेले होते, आणि आमचा भाग समुद्रापासून ठरावीक अंतराच्या आत येत असल्यामुळे तो नकाशा बंद होता. सर्वसामान्यांना नाही.

मी रात्रभराचा प्रवास करून राज्याच्या राजधानीत गेले, नकाशे मिळतात त्या कचेरीत. खिडकीमागचा अधिकारी सभ्य होता, चष्मा पुसत बोलायचा. मी शीटचा क्रमांक दिला. त्याने एका भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं.

"हे मिळत नाही."

"सार, मी तिथली आहे. त्या नकाशात माझं घर आहे."

"राहा की," तो म्हणाला. "राहायला कोण नाही म्हणतं? बघायचं नाही."

"मला नकाशा नको. एका दगडाचे आकडे द्या फक्त."

"तेच तर बंद आहे." त्याने एक अर्ज पुढे केला. संस्थेच्या प्रमुखाची सही, जिल्ह्याच्या प्रमुखाची शिफारस, मग दिल्ली. "सहा महिने धरा. लवकरही येतं, नाही असं नाही."

"डबा तीन आठवड्यांत परत जातोय."

"मग पुढच्या वेळी आधी अर्ज करा."

मी तिथून हलले नाही. मागे दोन माणसं खोळंबली होती. मी म्हणाले, "सार, हे कुणापासून लपवायचं आहे?"

"शत्रूपासून."

"शत्रूचे उपग्रह वरून रोज बघतात, सार."

त्याने चष्मा घातला आणि माझ्याकडे पाहिलं. "बघत असतील, अम्मा. त्यांच्याकडे उपग्रह आहे. माझ्याकडे नियम आहे."

तो उर्मट नव्हता. उर्मट असता तर भांडायला बरं पडलं असतं. अर्ज मी भरला, सरांनी पाठवला. उत्तर अजून आलेलं नाही. येणार असतं तर आलं असतं.

त्याच आठवड्यात सरांच्या टपालात एका परदेशी कंपनीचं गुळगुळीत पुस्तक आलं. वरून काढलेली चित्रं विकत मिळतील, जगातली कुठलीही जागा सांगा. नमुन्याच्या पानावर समुद्राला मिळणारं कुठलंसं खोरं होतं, आमच्यासारखंच. डॉलर भरा आणि घ्या, कुणाचं पत्र नको, शिफारस नको. सरांनी ते मला दाखवलं आणि खणात टाकलं.

एकच वाट उरली. चूक इकडे तिकडे फिरते, म्हणजे पुरेसा वेळ एका जागी बसलं तर तिची सरासरी निघते, आणि सरासरी खऱ्याच्या जवळ येते. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत एका दगडावर बसायचं, दर पाच मिनिटांनी आकडा लिहायचा. एका दिवसाला एक मदगू. उरलेले दिवस एकोणीस, मदगू अडतीस.

म्हणजे मला निवडावं लागलं. कुठल्या गावाचा मदगू आहे आणि कुठल्याचा नाही, हे कापायच्या टेबलावर वाढलेल्या शिंप्याच्या मुलीने ठरवलं. सर म्हणाले, ज्यांच्यामागे शेत जास्त ते आधी घे. मी तसं केलं. गावातली माणसं यायची, छत्रीखाली बसलेल्या बाईकडे पाहायची, विचारायची, "आमच्याकडे कधी?" मी म्हणायचे, "येणार." एकोणीस ठिकाणी ते खरं नव्हतं आणि मला ते ठाऊक होतं.

लस्करासाठी मी शेवटचा दिवस राखून ठेवला होता. त्याच्या मदगूच्या अलीकडचा जिवंत मदगू झाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघणार तर कॉलेजात पत्र. डब्याच्या परवान्यात काही नोंद राहिली होती, मुदतीच्या एक दिवस आधीच तो परत हवा होता. संस्थेचा माणूस गाडी घेऊन आला होता. मी त्याला म्हणाले, "एक दिवस."

"मॅडम, माझ्या हातात नाही."

"मग कुणाच्या हातात आहे?"

त्याने खरंच विचार केला. "ठाऊक नाही," म्हणाला. पिशवीही डब्याबरोबरच गेली.

मी तरीही गेले, रिकाम्या हाताने, सांगायला. लस्कराने ऐकून घेतलं. काठीने गवत बाजूला केलं आणि मदगूच्या दगडावर बसला. "तुमचा डबा अलीकडच्या मदगूपर्यंत आला होता ना?"

"आला होता."

"तिथपासून इथपर्यंत डबा कशाला लागतो? दोरी नाही का तुमच्याकडे?"

मला स्वतःचीच लाज वाटली. टेपवाल्याच्या घरात वाढले आणि तीन आठवडे आकाशाकडे बघत बसले होते. दुसऱ्या दिवशी कॉलेजातला लांब टेप आणि होकायंत्र घेऊन गेले. टेप एकच, हे मी निघताना दोनदा तपासलं. लस्कराने एक टोक धरलं, मी दुसरं. पाचशे मीटरला थोडं कमी, चार वळणं. मध्येच तो म्हणायचा, "ताणू नका अम्मा, लांबेल." कुणी शिकवलं होतं त्याला कोण जाणे.

एकोणीस आकडे मी स्वच्छ अक्षरात लिहून कालव्याच्या कचेरीत दिले. अभिमानाने दिले. आठ दिवसांनी तिथल्या कनिष्ठ अभियंत्याने बोलावलं. तरुण होता, माझ्याच वयाचा, अवघडलेला.

"तुमचे सगळे मदगू चुकलेत."

"सगळे?"

"एकही कालव्यावर नाही. आमच्या नकाशावर टाकून बघितले. सगळे बाजूच्या शेतांत पडतात."

एकोणीस दिवसांचं ऊन माझ्या डोळ्यांपुढे आलं. मी विचारलं, "किती बाजूला?"

"बरेच."

"सगळे एकाच बाजूला का?"

त्याने हातातला कागद पुन्हा पाहिला. "हो. एकाच बाजूला. साधारण सारखेच."

तेव्हा मला आईने माप घेतलेला नवरीचा तो ब्लाऊज आठवला. परक्या देशाचा डबा पृथ्वी एका मापाने मोजत होता. आपला नकाशा त्याच्या शंभर वर्षं आधीच्या दुसऱ्या मापाने काढलेला होता. कुणीच खोटं नव्हतं. टेप दोन होते. मी ही गोष्ट परीक्षेत लिहिली होती, तीन गुणांचा प्रश्न, पूर्ण गुण मिळाले होते. आणि कामाच्या वेळी आईसारखीच चुकले.

एका मापातून दुसऱ्यात जायचे आकडे असतात. मी विचारलं. तेही बंद होते. मग मी म्हणाले, तुमचा नकाशा मला पाच मिनिटं बघू द्या.

"तो बाहेर काढता येत नाही. मूळ शीटवरून काढलाय. कुलपात असतो." तो खाली पाहून म्हणाला. "यादी शुक्रवारी बंद होते."

मी घरी आले आणि टेबलाशी बसले. अप्पा एका जुन्या गिऱ्हाइकाची चोळी कापत होते, खाकी कागदाचा खाका कापडावर ठेवून. खाक्याला एका जागी कात्रीने दिलेली खूण असते. ती खूण कापडावरच्या खुणेला लावली की बाकीचा खाका आपोआप जागेवर बसतो, काही मोजावं लागत नाही. हे मी दहा हजार वेळा पाहिलं असेल.

नकाशाचं प्रमाण तेवढं गुपित नव्हतं, ते अभियंत्याने सांगितलं. मी त्याच प्रमाणात पातळ कागदावर एकोणीस टिंबं काढली, प्रत्येकापुढे नाव. एका टिंबाभोवती लाल वर्तुळ; तो मदगू दोन कालवे फुटतात तिथे आहे, चुकायची सोय नाही. गुरुवारी कागद अभियंत्याच्या हातात दिला.

"मला नकाशा दाखवू नका. हा आत न्या. वर ठेवा. कागद फिरवू नका, नुसता सरकवा, लाल टिंब फाट्यावर येईपर्यंत. मग बाकीचे बघा."

"आणि नाही बसले तर?"

"तर फाडून टाका."

तो वरिष्ठांना विचारून आत गेला. दार लागलं. मी बाहेर बाकावर बसले. समोर सूचनांचा फळा, त्यावर जुन्या पुराची पातळी खडूने लिहिलेली. एक म्हातारा शिपाई चहा नेत होता, म्हणाला, "कुणाची वाट बघताय?" मी म्हणाले, "माझ्या गावाची." त्याला ते विचित्र वाटलं असणार.

जो नकाशा बघायला मी राजधानीपर्यंत गेले होते तो त्या दाराच्या पलीकडे दहा पावलांवर उघडा पडला होता. मी तो आजपर्यंत पाहिलेला नाही.

अर्ध्या तासाने अभियंता बाहेर आला. कागदाला टाचण्यांची भोकं पडली होती. "बसले," म्हणाला. "शेवटचा टेपने मोजलेला म्हणालात ना? तोही. मेलेल्यावर नाही, जिवंतावरच."

"नक्की?"

"त्याच्यामागून पाट निघतो. मेलेल्यामागे नकाशात घरं आहेत."

लस्कराला सांगायला गेले तर तो लगेच खूश झाला नाही. म्हणाला, झडप बसेल तेव्हा बघू. मग विचारलं, "आणि तिकडच्या वरच्या गावांचे? जिथे तुम्ही गेलाच नाहीत?" मी बसची वेळ झाली म्हणून उठले. त्या वाटेने मी नंतर कित्येक वर्षं बसने गेले, आणि त्या थांब्यांवर खिडकीतून बाहेर पाहायचं टाळलं.

पुढे काही वर्षांनी पेपरात आतल्या पानावर छोटी बातमी वाचली. त्या परक्या देशाने आकाशातली ती मुद्दाम घातलेली चूक बंद केली होती. एका दिवसात, जगभर. मी ती बातमी अप्पांना वाचून दाखवली. मशीन तोवर आम्ही कोपऱ्यात सरकवलं होतं, टेप मात्र त्यांच्या गळ्यात असायचा. ते म्हणाले, "घालताना तुला विचारलं होतं का?"

"नाही."

"काढतानाही नाही विचारलं." आणि पेपरचं पान उलटलं. "म्हणजे उद्या परत घालतीलही."

हल्ली आपलेही जागा सांगणारे उपग्रह वर आहेत. मी आता शिकवते. मुलींना ते सांगते तेव्हा त्यांना नवल वाटत नाही, फोन हातातच असतो. नियमही बरेच सैल झालेत म्हणतात. अडतीसपैकी उरलेल्या एकोणीस मदगूंना त्याचा काही उपयोग झाला नाही. त्यातले काही आता शोधून सापडणारही नाहीत.

पण त्या वर्षी शुक्रवारी यादी बंद झाली तेव्हा तिच्यात आमचे एकोणीस मदगू होते, प्रत्येकापुढे आकडे होते, आणि पुढच्या पाण्याच्या आधी शेवटच्या जिवंत मदगूला नवी झडप बसली.